पेनड्राइव्ह आहे, पण नांदी कुठे आहे?

घाट उतरून गोव्यात गेलेल्या बेळगावकराचा पाहुणचार उत्तम होतो, पण काम केल्याशिवाय त्याची सुटका नसते. पाहुणा डॉक्टर असेल तर जेवणाच्या पाटावरच त्याच्यापुढे गुडघे येतात. शिक्षक असेल तर मुलांचे मार्क येतात. मी संगणक शिकवते, हे आमच्या गोतावळ्यात सर्वांना ठाऊक आहे. चोर्ला घाटातून साखळी, डिचोली करत थेट पेडण्यापर्यंत आमची नाती पसरलेली आहेत आणि तिथे सोलकढीच्या वाटीबरोबर माझ्यापुढे हटकून एखादा लॅपटॉप येतो. "बघ गो जरा, हें चलना!"

ऑक्टोबर २०२५ नंतर हे प्रमाण फारच वाढले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. काही अटींवर आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सोय कंपनीने ठेवली, पण 'आता काहीतरी करायला हवे' ही हुरहूर घरोघरी सुरू झाली ती झालीच. विंडोज ११ साठी नव्या पिढीचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि किमान ४ जीबी मेमरी लागते. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर या यादीत बसत नाहीत. म्हणजे धडधाकट चालणारे यंत्रसुद्धा कागदोपत्री म्हातारे ठरले! मग कुणी नव्या लॅपटॉपचे पैसे जमवतो, कुणी दुकानात जाऊन 'फॉरमॅट मारून' आणतो, तर कुणी घरच्या घरी पेनड्राइव्ह घेऊन बसतो. हा लेख आहे तो या तिसऱ्या मंडळींसाठी.

गोव्याला हा उद्योग अगदीच नवा नाही. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना, २००० च्या दशकाच्या सुरुवातीला, 'सायबरएज' योजनेतून उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले. त्याच सुमारास 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या स्वयंसेवी उपक्रमाने परदेशातले वापरलेले संगणक गोव्यातल्या शाळांना मिळवून दिले आणि त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चालवली. दुसऱ्याने टाकून दिलेले यंत्र नीट केले तर मुलाच्या शिक्षणाला पुरते, हा धडा गोव्याने तेव्हाच गिरवला होता. आज प्रत्येक घरात तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. फरक इतकाच, की तेव्हा हातात सीडी होती आणि आता पेनड्राइव्ह आहे.

सूत्रधाराशिवाय आख्यान नाही

डिचोलीला माझी धाकटी नणंद दिली आहे. तिचा मुलगा बारावीनंतर कॉलेजात गेला आणि घरातला २०१२ सालचा लॅपटॉप त्याच्या वाट्याला आला. नवा घेण्याचा विषय घरात निघत नव्हता. तालुक्यातल्या खाणी बंद झाल्यापासून त्या घराने काटकसर अंगी बाणवली आहे. भाच्याने लिनक्स मिंट उतरवून घेतले, ते पेनड्राइव्हवर टाकले, पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर ओळ आली, 'नो बूटेबल डिव्हाइस'. तीनदा केले, तीनदा तेच. "मामी, फाईल तर आत दिसते. मग हा नाही का म्हणतो?"

त्याच्या या प्रश्नात सगळा विषय आला. उतरवलेली फाईल आयएसओ प्रकारची असते. ती म्हणजे एका पूर्ण डिस्कची घडी घालून ठेवलेली प्रत. ती जशीच्या तशी पेनड्राइव्हवर कॉपी केली तर ती नुसती एक मोठी फाईल म्हणून पडून राहते. पेडणे, डिचोलीकडच्या वाचकांना दशावताराचे उदाहरण लगेच पटेल. पेटाऱ्यात सगळी सोंगे आणि मुकुट भरून आणले म्हणजे नाटक सुरू होत नाही. आधी सूत्रधार पुढे यावा लागतो, गणपती, सरस्वती यावी लागते, मगच आख्यान. संगणक सुरू झाल्यावर पेनड्राइव्हच्या ठरावीक जागी असा सूत्रधार शोधतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो सापडला नाही तर आतले आख्यान कितीही चांगले असो, पडदा उघडत नाही.

आयएसओची घडी उलगडून सूत्रधाराला जागेवर बसवण्याचे काम वेगळा प्रोग्राम करतो. विंडोजवर त्यासाठी रुफस हा छोटा, मोफत प्रोग्राम सर्वात परिचित आहे. बलेना एचर हाही सोपा आहे. व्हेंटॉय आणखी वेगळा. तो एकदा पेनड्राइव्हवर बसवला की त्यानंतर कितीही आयएसओ फाईली त्यात नुसत्या कॉपी करता येतात आणि सुरू होताना यादीतून हवी ती निवडता येते. ज्यांच्याकडे माझ्यासारखे चार घरांचे लॅपटॉप येतात, त्यांनी व्हेंटॉय जवळ ठेवावा. एक मात्र ध्यानात असू द्या. यापैकी काहीही वापरा, पेनड्राइव्हवर आधी असलेले सारे पुसले जाते. बारशाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नये.

जुना दरवाजा, नवा दरवाजा

भाच्याने रुफसने पेनड्राइव्ह पुन्हा बनवला. या वेळी पडद्यावर वेगळे वाक्य आले. त्याचा अर्थ असा, की हा ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीसाठी आहे आणि तुम्ही तो जुन्या बायोस पद्धतीने सुरू करू पाहत आहात. मुलगा वैतागला. मला मात्र आनंद झाला, कारण यंत्राने स्वतःच दुखणे सांगितले होते. आपली माणसे पडद्यावर इंग्रजी वाक्य आले की वाचायच्या आत बटण दाबून मोकळी होतात. ते वाक्य मोबाइलवर फोटो काढून ठेवा. निम्मे निदान त्यात असते.

संगणकाला सुरू होण्याचे दोन दरवाजे आहेत. जुना बायोसचा, नवा यूईएफआयचा. साधारण २०१२ पूर्वीच्या यंत्रांना जुनाच दरवाजा, नंतरच्या बऱ्याच यंत्रांना दोन्ही आणि अलीकडच्यांना बहुधा नवा एकच. रुफसमध्ये 'पार्टिशन स्कीम' असा रकाना असतो. तिथे जीपीटी निवडले तर पेनड्राइव्ह नव्या दरवाजासाठी तयार होतो. जुन्या दरवाजाच्या यंत्रासाठी एमबीआर निवडावे लागते. भाच्याने एमबीआर निवडून पेनड्राइव्ह तिसऱ्यांदा बनवला आणि मिंटचा हिरवा पडदा समोर आला. नणंद स्वयंपाकघरातून ओरडली, "झालं काय? मग जेवायला या!"

तरीही पेनड्राइव्ह दिसलाच नाही तर काय करावे? आधी बूट मेनू उघडण्याची कळ नीट माहीत करून घ्या. डेल, लेनोवो आणि एसरच्या बहुतेक लॅपटॉपना एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसला एस्केप किंवा एफ८. एसरच्या काही यंत्रांत बायोसमध्ये जाऊन ही कळ आधी चालू करावी लागते. लेनोवोच्या काही यंत्रांना बाजूला बारीक छिद्र असते, त्यात टाचणी खुपसली की मेनू येतो. कळ दाबायची ती यंत्र चालू केल्याबरोबर, टक्‌टक्‌टक्‌ अशी सारखी. पडद्यावर विंडोजचे चिन्ह आले म्हणजे वेळ गेली.

त्यातही एक मेख आहे. विंडोजमध्ये 'शट डाऊन' केले तरी 'फास्ट स्टार्टअप'मुळे यंत्र पुरते झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवूनच पडते. अशा वेळी कळ लागू पडत नाही. शिफ्ट दाबून शट डाऊन करा किंवा सरळ 'रीस्टार्ट' घ्या. मग पोर्ट बदलून बघा. किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या, दमट हवेने पोर्टच्या आतली पितळी पट्टी काळवंडते. एका पोर्टात मुका असलेला पेनड्राइव्ह दुसऱ्यात बोलू लागतो. मध्ये जोडलेला यूएसबी हब काढून टाका. शेवटी पेनड्राइव्हच बदला. बाजारात स्वस्तात मिळणारे '६४ जीबी'चे काही पेनड्राइव्ह आतून ८ जीबीचेच असतात. ते फाईल घेतात आणि गिळून टाकतात. एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ही लबाडी पकडता येते.

पेडण्याच्या काकांचा खजिना

दुसरी गोष्ट पेडण्याची. माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणतो, निवृत्त शिक्षक. या दोन्ही तालुक्यांत लोक कोकणीत बोलतात आणि मराठीत वाचतात, भजन म्हणतात, नाटक करतात. आमच्या सीमाभागातल्या घरांना यात नवल नाही. आपल्याकडेही आजी मराठीत रागावते आणि जमिनीची पहाणी कन्नडमध्ये असते! काकांनी गावातल्या जुन्या हौशी नाटकांच्या हस्तलिखित संहिता आणि भजनी मंडळाची वही स्वतः टाइप करून ठेवली होती. तीन वर्षांचे काम. मूळ वह्यांपैकी काही वाळवीने खाल्ल्या होत्या. म्हणजे काही नाटके आता फक्त त्या लॅपटॉपमध्येच उरली होती.

एके दिवशी लॅपटॉप निळा पडदा दाखवून थांबला. गावातल्या एकाने सल्ला दिला, "फॉरमॅट मारा, सुरू होईल." सुरू झालाही असता. पण संहिता गेल्या असत्या. मावशीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज घरात कुणी आजारी असल्यासारखा होता.

वाचकहो, या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बूटेबल पेनड्राइव्ह नवी प्रणाली बसवतो, तसाच तो आधी माल बाहेर काढण्याचेही काम करतो. लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेनड्राइव्ह लावला तर काहीही न बसवता ती प्रणाली थेट पेनड्राइव्हवरून चालते. तिच्यातून आतली हार्डडिस्क उघडायची, फाईली दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या आणि मगच पुढचा विचार. डिस्क स्वतःच बिघडली असेल, खरखर आवाज करत असेल, तर मात्र हात लावू नये. ते काम जाणकाराचे.

काकांकडे पहिला पेनड्राइव्ह अर्ध्यावर थांबला. बूट व्हायला लागे आणि मध्येच चुकीचा संदेश येई. आयएसओ उतरवताना नेटवर्क सारखे तुटत होते. अशा वेळी फाईल पूर्ण दिसते, पण आतून फाटकी असते. त्यावर उपाय आहे. ज्या संकेतस्थळावरून फाईल घेतो तिथे 'एसएचए-२५६' नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. रुफसमध्ये आयएसओ निवडल्यावर त्याच्या बाजूच्या बटणाने आपल्या फाईलची खूण निघते. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर फाईल शुद्ध. एक अक्षर जरी वेगळे आले तरी फाईल फेकून द्या. इथे आमची खूण जुळली नाही. शेजारच्या चांगल्या जोडणीवरून फाईल पुन्हा उतरवली, पेनड्राइव्ह पुन्हा बनवला. आता पडदा काळाच राहिला, कारण यंत्राचे ग्राफिक कार्ड रुसले होते. मिंटच्या पहिल्या यादीत 'कम्पॅटिबिलिटी मोड' असतो, तो निवडल्यावर चित्र आले.

आणि मग शेवटचे कुलूप! अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते. त्याची किल्ली ४८ अंकी असते आणि बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे बदलले तरी विंडोज ही किल्ली मागू शकते. म्हणून काहीही बदलण्याआधी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. काकांचे खाते मुंबईच्या मुलाने उघडून दिले होते. त्याला फोन लावला, त्याने अंक सांगितले, काकांनी हजेरीपट घ्यावा तसे एकेक अंक मोठ्याने वाचून पडताळले. कुलूप उघडले आणि संहितांचे फोल्डर समोर आले. काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

अक्षरांचाही सांभाळ करा

फाईली मिळाल्या म्हणजे सगळे मिळाले असे आपल्याकडे होत नाही, कारण आपली अक्षरे फॉण्टमध्ये अडकलेली असतात. काकांच्या संहिता जुन्या डीटीपी फॉण्टमध्ये होत्या. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर उघडला तर पडद्यावर चिन्हांची भेळ दिसते. कन्नडमध्ये नुडी, बरहाच्या जुन्या फाईलींचे तेच. बरहा १९९८ मध्ये आले आणि एकाच प्रोग्राममध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिता येत असल्याने आपल्या बऱ्याच दुभाषी घरांत लग्नपत्रिका त्यावरच झाल्या आहेत. म्हणून नवी प्रणाली घालण्याआधी विंडोजमधले 'फॉण्ट्स' हे फोल्डरही जपून ठेवावे. पुढे सवडीने तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, म्हणजे कुठल्याही यंत्रावर, मोबाइलवरही, 'नांदी' ही नांदीच दिसेल.

नवी प्रणाली बसवताना कीबोर्ड विचारला जातो. तिथे इंग्रजीच निवडा. देवनागरी निवडून पासवर्ड ठेवला आणि पुढच्या वेळी पडदा इंग्रजीत उघडला, तर घराबाहेर उभे राहायची पाळी येते. आत गेल्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडून घ्या. १९८० च्या दशकात आपल्या देशात ठरलेली ही मांडणी सर्व भारतीय लिप्यांना सारखी आहे. इंग्रजी के च्या कळीवर मराठीत क आणि कन्नडमध्येही क. एच वर प, जे वर र. शिफ्ट धरून एन दाबला की दोन्हीकडे ळ. एक शिकले की दुसरे आपोआप येते. नणंदेची सासू मूळची धारवाडकडची. नातवाने तिला हे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "अय्यो, बोटांना काय ठाऊक कुठली भाषा!"

बसवताना

पेनड्राइव्ह चालू झाला म्हणजे लढाई संपली असे नाही. विंडोज बसवताना 'डिस्कच दिसत नाही' असा अडथळा अलीकडच्या इंटेल यंत्रांत येतो. तेव्हा लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून साठवणीचा ड्रायव्हर, बहुधा व्हीएमडी किंवा आरएसटी नावाचा, उतरवून त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर' बटणाने दाखवावा. विंडोजच्या आयएसओमधली एक फाईल ४ जीबीहून मोठी असू शकते आणि एफएटी३२ पद्धतीचा पेनड्राइव्ह एवढी मोठी फाईल घेत नाही. हाताने कॉपी करणारे इथेच अडकतात. रुफस किंवा मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे साधन वापरले तर ही अडचण येत नाही.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते. पावसाळ्यात डिचोलीत करंट कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच लावून बसा. फाईलींची कॉपी संपून यंत्र पहिल्यांदा रीस्टार्ट झाले की पेनड्राइव्ह काढा, नाहीतर ते पुन्हा पहिल्या पडद्यावर जाऊन बसते आणि 'हे तर संपतच नाही' असे वाटू लागते. लिनक्सचा पेनड्राइव्ह नंतर विंडोजमध्ये लावला तर 'फॉरमॅट करा' असे विचारले जाते किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह चिमुकला दिसतो. तो बिघडलेला नसतो. रुफसमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून चालवला की पूर्ववत होतो.

भाच्याचा लॅपटॉप आता मिंटवर चालतो. त्याचे कॉलेजचे काम, कन्नडमध्ये आजीचे पत्र, बापाचे हिशेब, सगळे त्यावर होते. केरळच्या सरकारी शाळांतून कित्येक वर्षे मुले मोफत प्रणालीवरच शिकत आली आहेत आणि आपल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली काढली. तेव्हा 'फुकटचे ते हलके' असा समज काढून टाकायला हरकत नाही. ज्याला विंडोजवाचून चालत नाही, त्याने विंडोज ठेवावे. हट्ट कशाचाच नको.

माझा आग्रह फक्त एका गोष्टीचा. यंत्र चांगले चालू आहे तोवरच एक पेनड्राइव्ह बूटेबल करून ठेवा. यंत्र बंद पडल्यावर तो बनवायला दुसऱ्याच्या दारात जावे लागते. त्याला एक चिठ्ठी बांधा. त्यावर तारीख, प्रणालीचे नाव आणि आपल्या लॅपटॉपची बूट कळ लिहा, म्हणजे घरातल्या कुणालाही तो वापरता येईल. बिटलॉकरची किल्ली मात्र वेगळ्या कागदावर, घराच्या कागदपत्रांबरोबर. आणि संहिता, फोटो, हिशेब यांची एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. आपली नाती घाटाच्या वर आणि खाली पसरली आहेत, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. काकांच्या नाटकांची एक प्रत आता बेळगावात माझ्या कपाटात आहे आणि वाळवीला घाट चढून यायला बराच वेळ लागेल.